'फॅक्शन'ला मराठीत नेमकं काय म्हणाल?

अमेरिकेच्या राज्यघटनेचा एक शिल्पकार जेम्स मॅडिसन, त्याच्या १७८७ च्या त्या प्रसिद्ध दहाव्या लेखाचा ('फेडरलिस्ट' लेखमालेतला, नव्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेला) मराठी अनुवाद करतोय आणि पहिल्याच पानावर अडलोय. 'फॅक्शन'ला गट, कंपू, टोळी, दुफळी... काहीच बसत नाहीये, सुचवा.

— कंपू घ्या की. छान शब्द आहे, शिंद्यांच्या कवायती पलटणींना पण कंपूच म्हणायचे.

— छान आहे पण इथे चालणार नाही. कंपू म्हटलं की चार डोकी कोपऱ्यात कुजबुजतायत असं वाटतं, आणि मॅडिसन तर स्पष्ट म्हणतो की फॅक्शन बहुसंख्यही असू शकते, म्हणजे निम्म्याहून जास्त लोक एखाद्या स्वार्थाने किंवा रागालोभाने एकत्र आले आणि इतरांच्या हक्कांवर उठले तरी ती फॅक्शनच. त्याला खरी भीती तिचीच आहे, कारण छोट्या गटाला मतदानात हरवता येतं, बहुमतवाल्यांना कसं हरवणार? 'बहुमताचा कंपू' म्हटलं तर वाचणारा हसेल.

— मग 'तट'? तट पडले म्हणतो ना आपण, त्यात आकाराचं काही नाही.

— तट आवडला. पण मग 'मायनॉरिटी'चं काय करणार? अल्पमत म्हटलं की अल्पमतातलं सरकार आठवतं, आणि अल्पसंख्याक म्हटलं की धर्म नाहीतर भाषा. मॅडिसनच्या डोळ्यासमोर बरेचदा चक्क सावकार होते! १७८६ मध्ये ऱ्होड आयलंड या अमेरिकी राज्यात कर्जदारांची बाजू विधिमंडळात बहुमताने आली, भाराभर कागदी चलन छापलं, म्हणजे कर्जफेडीत सावकाराच्या हाती किंमत घसरलेले कागद, आणि ते नाकारणाऱ्याला दंड. आपल्याकडे 'सावकारांच्या हक्कांचं रक्षण' असं वाक्य कोणाच्या गळी उतरेल का सांगा. (आणि गुलाम त्याच्या या हिशोबात कुठेच नाहीत, त्याचे स्वतःचे होते तरी.)

— पण त्याचा उपाय 'तट'मध्ये मजेशीर वाचला जाईल हां. आपल्याकडे तट पडणं वाईट, आणि हा म्हणतो देश मोठा ठेवा, भरपूर तट पडू देत, म्हणजे कोणा एकालाच बहुमत जमवता येणार नाही.

— अहो मूळ वाचकालाही तिथे असंच चमकायला होत असणार, त्यामुळे राहू दे.

— बरं, 'तट' लिहितो, जिथे तो बहुमतात आहे तिथे 'बहुसंख्य तट'. मायनॉरिटीला अल्पसंख्य, 'क' गाळून. आता 'पॅशन'ला काय, आवेग की विकार?