शाळेतला मास्क: तुमचे आणि मुलांचे अनुभव

ऋजुता_कोथरूड
काल मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर निरोप आला: सर्दी-खोकला असलेल्या मुलांना मास्क लावून पाठवा. एवढंच. पण पाच मिनिटांत पालकांची जुंपली. एकीकडे "पुन्हा ते नको", दुसरीकडे "लावला तर काय बिघडतं?" मला मात्र एकदम डिसेंबर २०२१ आठवला.

पुण्यात पहिली ते सातवीचे वर्ग १६ डिसेंबरला उघडले. माझा मुलगा पहिलीत. त्याच्यासाठी शाळा म्हणजे तोवर माझा मोबाइल. बाईंना तो रोज बघायचा, पण स्क्रीनवर, मास्कशिवाय. फाटकाशी बाई उभ्या होत्या, नाकापर्यंत मास्क आणि वर चष्मा. हा माझ्यामागे लपला आणि म्हणाला, "ह्या माझ्या बाई नाहीत." बाईंनी ऐकलं. त्या मैदानात लांब जाऊन उभ्या राहिल्या, मास्क उतरवला आणि तिथून त्याला घरच्या नावाने हाक मारली. पोरगं सुसाट पळालं.

माझं मत सांगते. शाळा बंद किंवा मास्क लावून शाळा, एवढे दोनच पर्याय असतील तर मी मास्कसकट शाळेच्या बाजूने. पण अक्षरं शिकणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, त्याची काहीतरी सोय हवीच. पालक, शिक्षक, तेव्हा विद्यार्थी असलेले, सगळ्यांनी लिहा. भांडण नको, अनुभव हवेत.

ठाण्याची_मीरा
आमच्याकडे अदलाबदल!! सकाळी छोटा भीम लावून गेलेली मुलगी दुपारी स्पायडरमॅन लावून परत. "त्याला भीम आवडला म्हणून दिला गं." उकळत्या पाण्यात टाकला आधी.

पाऊलवाट
मीराताई 😂 आमच्याकडे डबा खाताना मास्क गळ्यात. भाजीचा रस्सा, आंब्याचं लोणचं सगळं त्यावर. हळदीचे डाग धुऊन जातच नव्हते.

गुरुजी_माणदेश
जिल्हा परिषदेची शाळा, दोन शिक्षक. आमचे पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला भरले. त्याआधी "शाळा बंद, शिक्षण चालू" म्हणत वस्त्यांवर फिरायचो. कुणाच्या ओसरीत, कुणाच्या गोठ्याशेजारी चारपाच पोरं जमवायची. टीव्हीवर सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा मुलांच्या अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, पण टीव्हीही सगळ्यांच्या घरी नव्हता.

मास्कचं म्हणाल तर गावातल्या बचत गटाच्या बायकांनी शिवून दिले. एकेकाला दोन. पण लहान तोंडाला मोठा मास्क. बोलायला तोंड उघडलं की नाकाखाली यायचा, मग त्याच हाताने वर ओढायचा आणि त्याच हाताने पेन्सिल. मी दिवसभर "नाक झाका" म्हणत होतो.

पहिलीला प, फ, ब, भ, म शिकवणं फार अवघड गेलं. ही अक्षरं ओठांनी म्हणायची, आणि ओठ झाकलेले! पोरं भ चा ब लिहायची, त्यांना दोष कसा देणार? शेवटी मी वर्ग पटांगणात वडाखाली घेतला. मोकळी हवा, पोरं लांब लांब पोत्यांवर. मी समोर अंतर ठेवून, मास्क काढून. उन्हं चढेपर्यंत भाषा बाहेर, गणित आत. अधिकारी आले त्यांनीही बघितलं, काही बोलले नाहीत. लहान मुलांची शाळा साथीत बाहेर भरवावी हे माझं अजूनही ठाम मत आहे. खेड्यात जागेला तोटा नाही.

अजून एक. शिजवलेला पोषण आहार पुन्हा सुरू झाला तेव्हा सगळी ओळीने बसून मास्क काढूनच जेवायची ना? तेव्हा मला सगळ्यात जास्त काळजी वाटायची. म्हणून ओळ व्हरांड्याच्या बाहेर काढली.

ऋजुता_कोथरूड
गुरुजी, वडाखालची शाळा वाचून फार बरं वाटलं. शहरात निदान गच्ची तरी वापरायला हवी होती.

निनाद_का
मी विरुद्ध बाजूचा आहे, स्पष्ट लिहितो. २२ ऑक्टोबर २०२१ ला नाट्यगृहं, सिनेमागृहं उघडली. हॉटेलं त्याआधीच. आणि माझी तिसरीतली मुलगी डिसेंबरपर्यंत घरात. मार्च २०२० पासून जवळपास वीस महिने. मोठे लोक टेबलाभोवती बसून बिनमास्क जेवणार आणि आठ वर्षांचं मूल सहा तास मास्कमध्ये, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. ती घरी आल्यावर म्हणायची, बाबा, मी आज कुणाशीच बोलले नाही, बोललं की गुदमरतं. आधीच एकटी पडलेली पोर. निर्बंध घालायचेच तर आधी मोठ्यांवर घाला, मुलांवर सगळ्यात शेवटी.

पाऊलवाट
निनाद, शेवटच्या वाक्याला +१. मुलगी आता कशी आहे?

निनाद_का
आता मस्त. बास्केटबॉल खेळते, बोलून बोलून डोकं खाते. 🙂

हिरवा_चाफा
माझी आतेबहीण कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते, तिला हा धागा वाचायला दिला. तिच्या खात्याचा पासवर्ड विसरलाय, म्हणून ती सांगतेय आणि मी टंकतेय.

"आमची बरीच मुलं श्रवणयंत्र लावतात, तरी अर्धं आकलन ओठांवरून होतं. मास्क लावला की आवाज दबतो आणि ओठही दिसत नाहीत. म्हणजे दोन्ही वाटा बंद. त्यात श्रवणयंत्र कानामागे, मास्कचं इलॅस्टिकही कानामागे. मास्क काढताना यंत्र उडून पडायचं. एका मुलाचं यंत्र असं हरवलं, नवीन घ्यायची ऐपत नव्हती, आईवडील रडले. तेव्हापासून आम्ही इलॅस्टिक काढून डोक्यामागे बांधायचे नाडे लावले.

मग पारदर्शक खिडकीवाले मास्क आणले. कल्पना उत्तम. पण दोन वाक्यं बोललं की आतून वाफ धरायची. मुलं खाणाखुणा करून सांगायची, बाई, पुसा. खुणांची भाषा येणाऱ्या मुलांचं त्यातल्या त्यात बरं चाललं. पण खुणांमध्येही चेहऱ्यावरचे हावभाव हे भाषेचंच अंग असतं. प्रश्न विचारतेय की सांगतेय ते भुवया आणि तोंड मिळून कळतं. अर्धा चेहरा झाकला तर अर्धं वाक्य गेलं.

नियम करताना या मुलांना सवलत असावी असं कागदावर होतं. पण बसमध्ये, दुकानात लोक त्यांच्यावर ओरडायचे. मूल बहिरं आहे हे बघून कळत नाही ना. पुढच्या वेळी आधी आमच्या मुलांना विचारा, एवढंच मागणं आहे."

ऋजुता_कोथरूड
ताईंना सांग, प्रत्येक शब्द वाचला. हे कधी मनातही आलं नव्हतं. यंत्राचं वाचून पोटात तुटलं.

मीनाक्षी२०१०
त्या मुलाला नंतर यंत्र मिळालं का?

हिरवा_चाफा
हो, एका माजी विद्यार्थ्याने घेऊन दिलं.

सदाशिवपेठी
२००९ कुणालाच आठवत नाही का? स्वाइन फ्लूच्या वेळी मी नववीत. ३ ऑगस्टला पुण्यात शाळकरी मुलगी गेली, देशातला पहिला मृत्यू. आठवड्याभरात शाळा, मॉल, थिएटर सगळं बंद. एन-९५ हा शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. औषधांच्या दुकानात मास्क मिळेना, मिळाला तर अव्वाच्या सव्वा. रुमालाचा त्रिकोण करून स्कूटीवर बांधतात तसा बांधायचो. आजीने कापूर आणि वेलचीची पुरचुंडी गळ्यात अडकवली होती. सगळ्या वर्गाला देवघराचा वास!

पण तेव्हा कुणी भांडलं नाही मास्कवरून. थोड्या दिवसांचा प्रश्न होता, म्हणून असेल.

मीनाक्षी२०१०
कापराची पुरचुंडी आमच्याकडे पण!! आईने २०२० मध्ये परत काढली. थांबा, कुकर झाला, आलेच.

डॉ_बालमित्र
मुलांचा डॉक्टर आहे, रुग्ण तपासताना मधेच लिहितोय. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये सांगितलं होतं: पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्क नको. सहा ते अकरा, मूल नीट वापरू शकत असेल तर आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली. बारानंतर मोठ्यांसारखाच. बालवाडीतल्या पोरांना मास्क लावून पाठवणारे पालक यायचे, त्यांना हेच समजावायचो. धावताना, खेळताना नको. ओला झाला की बदला.

उपयोग होतो का? दोन्ही बाजूंचे अभ्यास आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फेब्रुवारी २०२२ अखेर शाळांमधली राज्याची सक्ती उठली. ज्या भागांनी ती काढली तिथे पुढच्या पंधरा आठवड्यांत, सक्ती ठेवणाऱ्यांच्या तुलनेत हजारामागे सुमारे ४५ रुग्ण जास्त आढळले. पण त्या भागांत इतरही फरक होते. उलट स्पेनमध्ये कॅटलोनियात सहा वर्षांपासून सक्ती होती, पाचवाल्यांना नाही. तुलना केली तर सहा वर्षांच्या मुलांमध्ये लागण कमी दिसली नाही. म्हणून माझा सल्ला: मोठ्या मुलांना साथ चढत असताना लावा, उतरली की काढा. लहानांसाठी खिडक्या उघडा. बंद खिडक्या, एसी आणि चाळीस मुलं, तिथे कापडी मास्क किती पुरणार? गुरुजींचा वड हा उत्तम वैद्यकीय उपाय आहे.

टेक्सासवाली
आमच्याकडे तर राजकारणच झालं. मे २०२१ मध्ये गव्हर्नरांचा हुकूम: शाळांनी मास्कची सक्ती करायची नाही. ऑगस्टमध्ये डॅलसच्या शाळांनी तो झुगारून सक्ती केली, मग कोर्टकचेऱ्या. आम्ही राहतो त्या उपनगरात ऐच्छिक. वर्गात माझा मुलगा आणि अजून दोघं, एवढेच मास्कवाले. पाच ते अकरा वयाची लस नोव्हेंबरात आली, तोवर घालच म्हणून मी बजावलेलं, कारण सासूबाई आमच्याकडे होत्या आणि त्यांचं डायलिसिस चालू होतं. मुलं चिडवायची. तो म्हणायचा, "आजीसाठी घालतो." सात वर्षांचा होता. तिकडे भारतात सगळ्यांना सारखा नियम होता याचा मला हेवा वाटायचा. एकट्याने मास्क लावणं लहान मुलाला फार जड जातं.

ठाण्याची_मीरा
लेकराला माझा गोड पापा सांग गं. सासूबाई कशा आहेत?

टेक्सासवाली
२०२३ मध्ये गेल्या. कोविड नव्हता. नातवाने खूप केलं त्यांचं.

ठाण्याची_मीरा
🙏

वैदर्भी_०६
मी तेव्हा दहावीत, म्हणून माझंही. मार्च २०२२, नागपूर, "शाळा तिथे केंद्र", म्हणजे आपल्याच शाळेत, मास्क लावून पेपर. घामाने मास्क चिकटायचा, चष्म्यावर वाफ. पेपरानुसार जास्तीची पंधरा किंवा तीस मिनिटं मिळाली, त्यातली अर्धी चष्मा पुसण्यात. २ एप्रिलला, गुढीपाडव्याला सक्ती उठली आणि आमचा एक पेपर बाकी! पण माझ्या ताईच्या मानाने बरं. तिचा २०२० चा भूगोलाचा पेपर रद्दच झाला होता.

आणि खरं सांगू? मला मास्क आवडायचा. दातांना तारा होत्या, पिंपल्स होते. दोन वर्षं कुणी काही बोललं नाही. मैत्रिणींमध्ये निम्म्या जणी अशाच होत्या. सक्ती उठल्यावरही महिनाभर घालत होतो आम्ही.

निनाद_का
वैदर्भी, ही बाजू नवीन आहे माझ्यासाठी. लेकीला विचारतो आज.

मीनाक्षी२०१०
आले परत. ते नाडीवाले मास्क कसे शिवायचे कुणी सांगेल का? शाळेचा निरोप आमच्याकडेही आलाय आणि मुलाचे कान दुखतात.

हिरवा_चाफा
ताई सांगतेय: जुन्या सुती धोतराचं कापड, दोन पदर, मध्ये तीन चुण्या. चार कोपऱ्यांना चार नाड्या. खिडकीवाला शिवत असाल तर प्लास्टिकला आतून ओल्या साबणाचं बोट फिरवून वाळवा, वाफ थोडी कमी धरते.

मीनाक्षी२०१०
थँक्यू! मशीन कधीची घ्यायची आहे. पायाची घेऊ की मोटरची?

गुरुजी_माणदेश
मोटरची घ्या, पण पायडल काढून टाकू नका. आमच्या बचत गटाने दोन्ही ठेवलंय, इकडे भारनियमन अजून आहे.