‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’

पाटीपेन्सिल :
लेकीला पहिलीत घालायचंय म्हणून शाळा बघत फिरतोय. एका पाटीवर ‘विनाअनुदानित’, दुसरीवर ‘कायम विनाअनुदानित’, तिसरीवर ‘स्वयंअर्थसहाय्यित’. सरकारी पैसा तिन्हींना नाही म्हणे. मग शब्द तीन कशाला? आणि ‘विनाअनुदानित’ व्याकरणात बसतो का?

संधिविग्रह :
नाही बसत. ‘विना’पुढे नाम येतं : विनातिकीट, विनापरवाना, विनातक्रार. ‘विनाअनुदान शाळा’ एवढं पुरलं असतं. वर ‘-इत’ लावणं म्हणजे ‘विनातिकिटित प्रवासी’ म्हणण्यासारखं. संस्कृतच्या नियमाने ‘अननुदानित’ होईल, पण ते तीनदा म्हणून दाखवा. आता विनाअनुदानितच रूढ आहे, राहू दे.

निवृत्त मास्तर :
खरी गंमत ‘कायम’मध्ये आहे. शब्द मूळचा अरबी; उभा असलेला, टिकून राहिलेला. संस्थेने शाळा खुशाल काढावी, पण अनुदान कधीच मागू नये, म्हणून परवानगीच्या कागदात तो घातला. हिशेब असा की पालकांना शाळा वाढतील आणि तिजोरीला झळ लागणार नाही. संस्थाचालकांनी तो शब्द वाचला, पण खरा मानला नाही. आज ना उद्या अनुदान येईलच या भरवशावर शाळा निघाल्या, फी भरू शकणारे पालक नाहीत अशा गावांतसुद्धा. 2009 साली शासनाने ‘कायम’ वगळलाही. पैसे मात्र लगेच आले नाहीत. शाळांचं मूल्यांकन, मग अनुदानाला पात्र म्हणून ‘घोषित’, ‘अघोषित’, मग थोडंथोडं वाढत जाणारं ‘टप्पा अनुदान’ असे नवे शब्द आले. 20 टक्क्यांचा टप्पा हातात पडायला 2016 उजाडलं. तोवर गुरुजी दिवसा वर्गात आणि संध्याकाळी कुणाच्या तरी दुकानात. परवानग्या वाटून शाळांची संख्या वाढली हे खरं. चांगल्या शाळा वाढल्या का, हे त्या गुरुजींना विचारा.

‘स्वयंअर्थसहाय्यित’ हा 2012 च्या कायद्यातला. इथे अनुदानाची आशाच नाही, त्यामुळे या शाळा जिथे फी निघते तिथेच निघतात. नावात ‘स्वयं’ असलं तरी सहाय्य पालकांचं. (‘सहाय्य’ की ‘साहाय्य’, ते संधिविग्रहांनी बघावं.)

संधिविग्रह :
साहाय्य. पण कायद्याच्या नावाशी कोण भांडणार!

घाटावरची :
‘खासगी’ की ‘खाजगी’? आमच्याकडे खाजगीच म्हणतात.

संधिविग्रह :
‘खास’वरून खासगी, होळकरांची ‘खासगी’ (घराण्याची स्वतंत्र मिळकत) आठवा. खाजगीही चालतं. पण अर्थात गफलत आहे. अनुदानित शाळासुद्धा खासगीच, म्हणजे संस्थेची. फक्त पगार सरकार देतं. बोलताना आपण खासगी म्हणजे फीवाली धरतो.

पाटीपेन्सिल :
आणि आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) गरीब मुलांसाठीच्या 25 टक्के जागा?

निवृत्त मास्तर :
तिथला शब्द ‘प्रतिपूर्ती’. शाळेने मुलाला फुकट शिकवायचं, शासनाने पैसे मागाहून भरून द्यायचे. संस्थाचालकांच्या तोंडी याचाच अर्थ ‘थकबाकी’. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट. त्याच जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. नाहीतर शहरांत गरीब पालकांच्या ‘निवडी’त फारसं काही उरलं नसतं.

पाटीपेन्सिल :
आज त्या ‘कायम’वाल्या शाळेत जाऊन विचारलं, शब्द तर 2009 लाच गेला ना? क्लार्क म्हणाले, “पाटी जुनी आहे हो. रंगवायला पैसे कुठायत?”