६ इंची डॉबमधून चंद्रावरचे भ्रंश आणि घळी: सरळ भिंत नेमकी कोणत्या रात्री?

मानेवाडा_डॉब
साधन ६ इंची एफ/८ डॉब्सोनियन (डॉब) दुर्बीण, फोकल लेंग्थ १२०० मिमी. आयपीस २५ आणि १० मिमी, सोबत २x बार्लो (मोठेपणा दुप्पट करणारं भिंग). जागा नागपूर, दुमजली घराची गच्ची, पश्चिम आणि डोक्यावरचं आकाश मोकळं, पूर्वेला शेजारची इमारत.

मोठी विवरं ओळखता येतात. आता रूपेस रेक्टा म्हणजे सरळ भिंत, आरियाडेअसची घळ, हायजिनसची घळ हे बघायचं आहे. प्रश्न असे:
सगळीकडे ‘चंद्राचं वय ८ दिवस असताना बघा’ असं लिहिलेलं असतं. पण एका महिन्यात त्या वयाला भिंत काळी, ठसठशीत दिसते आणि दुसऱ्या महिन्यात तिथे नुसता अंधार. असं का?
भ्रंश कोणता आणि लाव्हाची घळ कोणती, हे आयपीसमध्ये बघून कळतं का?
६ इंचाची हद्द कुठे संपते? आणि यासाठी रामटेककडे वगैरे अंधारात जावं लागेल का?

खामला_खगोल
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सोपा आहे. कुठेही जाऊ नका. चंद्राला अंधार लागत नाही, स्थिर हवा लागते. गच्चीवरचा दिवा चालू राहिला तरी बिघडत नाही, उलट डोळे कमी दिपतात.

आता वेळ. चंद्राचं वय हे माप इथे कुचकामी आहे. कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे अमावास्येपासून अर्धा चंद्र होईपर्यंत कधी साडेसहा दिवस लागतात तर कधी आठाच्या वर. टर्मिनेटर, म्हणजे उजेड-अंधाराची सीमा, चंद्रावर ताशी साधारण अर्धा अंश सरकते. दीड दिवसाचा फरक पडला की गणित १८ अंशांनी चुकलं.

आपल्याकडे याहून चांगलं माप घरातच टांगलेलं असतं. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं १२ अंशांचं अंतर. अमावास्या संपली की शून्य, शुक्ल अष्टमी ८४ ते ९६, नवमी ९६ ते १०८. चंद्राचा वेग कमीजास्त झाला तरी तिथी त्याच्याबरोबर लांबते-आखडते, म्हणून टर्मिनेटर कुठे आहे ते तिथीवरून बरंच नेमकं कळतं. शुक्ल पक्षात नियम असा: ९० मधून सूर्य-चंद्र अंतर वजा करा, उरलं ते टर्मिनेटरचं पूर्व रेखांश. उत्तर ऋण आलं तर पश्चिम.

सरळ भिंत ८ अंश पश्चिमेला. म्हणजे ९८ अंशाला तिथे सूर्योदय. बघण्याजोगी १०१ ते ११० दरम्यान. थोडक्यात, शुक्ल नवमीचा मध्य ते दशमीची सुरुवात.

एक खोच आहे. कॅलेंडरच्या चौकोनात छापलेली तिथी सूर्योदयाची असते. अष्टमी लिहिलेली असेल आणि ती दुपारी २ ला संपत असेल, तर संध्याकाळी तुम्ही नवमीचा चंद्र बघत असता. तिथी संपण्याची वेळ वाचा, नुसतं नाव नको.

घळ_शोधक
खामला दादा, तिथीची युक्ती आवडली, पण ‘बरंच नेमकं’ म्हणताना तुम्ही चंद्राचं डोलणं सोडून दिलंत. पूर्व-पश्चिम लिब्रेशन जवळजवळ ८ अंशांपर्यंत जातं. तेवढी चूक तिथीच्या हिशेबात राहते, आणि ८ अंश म्हणजे टर्मिनेटरचे १६ तास. मानेवाडा यांच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

दुरुस्ती सोपी आहे. रेखांशातलं लिब्रेशन चिन्हासकट त्या उत्तरात मिळवायचं. ते +६ असेल तर सरळ भिंतीवरचा सूर्योदय ९८ ऐवजी १०४ ला, म्हणजे नवमी सरता सरता. –६ असेल तर ९२ लाच, अष्टमीत. आयपीसमधली खूण अशी की मेअर क्रिसियम (चंद्राच्या पूर्व कडेजवळचं काळसर सपाट मैदान) कडेपासून आत सरकलेलं दिसलं तर लिब्रेशन धन, कडेला चिकटून चपटं दिसलं तर ऋण.

हे सगळं नको असेल तर व्हर्च्युअल मून अ‍ॅटलस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, नागपूरचे अक्षांश-रेखांश (२१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व) भरा आणि ‘कोलाँजिट्यूड’ (सूर्योदयाची सीमा शून्य रेखांशाच्या पश्चिमेला किती अंश आहे) हा एकच आकडा बघा. लिब्रेशन त्यात धरलेलंच असतं. पश्चिमेकडच्या जागी कोलाँजिट्यूड रेखांशाइतकं झालं की सूर्योदय. पूर्वेकडच्या जागेसाठी ३६० मधून रेखांश वजा. सरळ भिंतीला ११ ते २० हवं.

आणि चंद्रावरची पूर्व म्हणजे क्रिसियमची बाजू, आकाशातली पूर्व नव्हे. दोन्ही उलट आहेत. शिवाय डॉब प्रतिमा १८० अंशांनी फिरवतो, म्हणून नकाशा छापून उलटा धरा. डावं-उजवं मात्र आरशासारखं बदलत नाही. तो घोळ डायगोनल लावलेल्या दुर्बिणीत होतो.

बेसाल्ट_बर्डी
भूशास्त्राची बाजू मांडतो.

मेअर म्हणजे मोठ्या आघाताच्या खोलगट थाळीत भरलेला बेसाल्ट. आपण नागपूरकर दख्खन ट्रॅपच्या पूर्व काठावर राहतो, सीताबर्डीची टेकडी त्याच जातीच्या खडकाची, त्यामुळे बेसाल्ट किती जड ते वेगळं सांगायला नको. त्या वजनाने थाळीचा मध्य खचला, काठाचं कवच ताणलं गेलं आणि तुटलं. तुटण्याचे दोन प्रकार तुम्हाला दिसतील.

एकाच बाजूने तुटून जमीन खाली बसली तर साधा भ्रंश. सरळ भिंत तशी आहे: मेअर न्यूबियममध्ये, लांबी सुमारे ११० किमी, उंची ३०० ते ४०० मीटर, पश्चिमेची बाजू खाली गेलेली. नाव ‘भिंत’ असलं तरी तो कडा नाही, उतार आहे. शुक्ल पक्षात ऊन पूर्वेकडून येतं, उतार पश्चिमेला तोंड करून, म्हणून सावली पडून काळी रेघ. कृष्ण अष्टमीला पहाटे ऊन पश्चिमेकडून थेट उतारावर पडतं, तेव्हा तीच रेघ पांढरी.

दोन समांतर भ्रंशांमधला पट्टा खाली बसला की खचदरी. शाळेच्या भूगोलातली नर्मदेची खचदरी आठवा, तोच प्रकार. आरियाडेअसची घळ म्हणजे ३०० किमी लांब, ४-५ किमी रुंद खचदरी. तिची ओळख म्हणजे वाटेत डोंगर येवो, सपाटी येवो, ती वळत नाही आणि रुंदीही फारशी बदलत नाही. पाण्याने किंवा लाव्हाने कोरलेली वाट अडथळ्याला वळसा घालते, भ्रंश घालत नाही. भिंगातून बघताना हाच प्रश्न स्वतःला विचारा: समोर टेकडी आली तेव्हा या रेषेने काय केलं?

लाव्हाची घळ याच्या उलट. एका टोकाला खड्डा, तिथून नागमोडी वाट, पुढे अरुंद होत मेअरमध्ये विरून जाते. हॅडली घळ तशी. जुलै १९७१ मध्ये अपोलो १५ चे स्कॉट आणि आयर्विन तिच्या काठावर उभे होते. श्रोटरची दरीही त्याच कुळातली, अ‍ॅरिस्टार्कसच्या शेजारी, रुंद तोंडाला ‘नागफणी’ म्हणतात.

हायजिनस मात्र मधलं प्रकरण आहे. घळ खचदरीसारखी सरळ, पण मधोमध ९-१० किमीचं विवर आणि त्याला उचललेली कड नाही. आघाताच्या विवराला कड असते. हे खचून झालेलं ज्वालामुखी तोंड आहे, आणि घळीत ओळीने खड्डे आहेत. खाली मॅग्माची भिंत वर सरकली, वरची जमीन ताणली आणि जागोजागी बसली असा अर्थ लावतात.

मोठ्या खचदऱ्या बहुतेक ३.६ अब्ज वर्षांहून जुन्या. त्यानंतर चंद्र थंड होऊन आकसत गेला, ताण संपून दाब सुरू झाला. त्या दाबाच्या खुणा म्हणजे मेअरवरच्या सुरकुत्या-कडा. सेरेनिटाटिसमधली डोर्सा स्मिर्नोव्ह षष्ठी-सप्तमीला ६ इंचात आरामात दिसते. लोक घळी शोधताना तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात.

मानेवाडा_डॉब
खामला दादा, घळ_शोधक, बर्डी सर, मनापासून आभार. दोन शंका आणखी. चंद्र फार चमकतो म्हणून नळीच्या झाकणातलं छोटं भोक उघडून बघायचं, असं एका ठिकाणी वाचलं. ते बरोबर का? आणि १० मिमी + बार्लो लावलं की सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलतं.

खामला_खगोल
झाकण पूर्ण काढा भाऊ! ते भोक साधारण ५० मिमीचं असतं. पृथक्करणाची, म्हणजे बारीक तपशील वेगळे दिसण्याची, हद्द आर्कसेकंदात (अंशाचा ३६०० वा भाग) ११६ भागिले मिमी. १५० मिमीला ०.७७, ५० मिमीला २.३. चंद्राच्या अंतरावर १ आर्कसेकंद म्हणजे सुमारे १.८६ किमी, म्हणजे पूर्ण आरशाची हद्द १.४ किमी आणि भोकाची ४.३. आरियाडेअस कशीबशी, बाकी सगळ्या घळी गेल्या. लोणारचं विवर १.८ किमीचं आहे, ते चंद्रावर असतं तर तुमच्या ६ इंचाला जेमतेम ठिपका दिसला असता. चमक खटकत असेल तर व्हेरिएबल पोलरायझर फिल्टर लावा.

लांब रेषा मात्र या हद्दीपेक्षा बारीक असली तरी काँट्रास्टवर दिसते. त्यामुळे सव्वा-दीड किमी रुंदीच्या ट्रीस्नेकर घळींचं जाळं ६ इंचात चांगल्या हवेत पकडता येतं.

हलण्याचं कारण बहुधा वरची हवा कमी आणि तुमची गच्ची जास्त. १०+बार्लो म्हणजे २४०x, ६ इंचाला तो कळसच. नेहमीचं काम १२० ते २००x वर करा. ६ मिमीचा वाइड आयपीस घेतलात तर बरोबर २०० येतात आणि बार्लोपेक्षा जास्त वापरला जाईल.

गच्चीचं सांगायचं तर, फेब्रुवारीपासून स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ९-१० पर्यंत उष्णता सोडत राहतो. उन्हाळ्यात झोपण्याआधी आपण गच्चीवर पाणी मारतोच, ते सूर्यास्तालाच मारा. अगदी बघण्याआधी मारलंत तर दमट हवा नळीभोवती राहते. डॉब ४५ मिनिटं ते तासभर आधी बाहेर काढून ठेवा, आरसा हवेच्या तापमानाला यायला हवा. शेजारच्या एसीचं बाहेरचं युनिट, कूलरचा झोत किंवा टिनाचं छत चंद्राच्या रेषेत नको. अंगण असेल तर गच्चीपेक्षा अंगण बरं.

डिसेंबर-जानेवारीत आकाश काचेसारखं स्वच्छ असूनही प्रतिमा उकळते, कारण वरून जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, वाहत असतो. तारे जोरात लुकलुकत असतील तर त्या रात्री १२०x वर थांबा. पावसाळा संपल्यावरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर मला सर्वात भरवशाचा वाटतो. मार्चमध्ये शुक्ल अष्टमी-नवमीचा चंद्र दिवेलागणीला नागपूरच्या जवळजवळ डोक्यावर असतो. उंची उत्तम, पण डॉब तिथे आडवा फिरत नाही, ढकलावं तिकडे अडतो. तास-दीड तास थांबा, चंद्र पश्चिमेला कलला की फिरवणं सोपं आणि स्लॅबही निवतो.

घळ_शोधक
६ इंचासाठी क्रम मी असा धरीन. शुक्ल पंचमीच्या उत्तरार्धात कॉशी विवर (१२ किमी, ३८ पूर्व) शोधा. त्याच्या एका बाजूला भ्रंश, दुसऱ्या बाजूला खचदरी, दोन्ही जवळजवळ समांतर. भ्रंशाची सावली एका बाजूलाच पडते, खचदरीला एक काठ काळा आणि एक उजळ. फरक डोळ्यांना शिकवायला यापेक्षा सोयीची जागा नाही. कृष्ण चतुर्थीला परत बघा, भ्रंश उजळ झालेला असेल. सप्तमी सरताना आरियाडेअस, अष्टमीला हायजिनस आणि ट्रीस्नेकर एकाच दृश्यात. नवमी-दशमीला सरळ भिंत, आणि तिच्या पश्चिमेला १७ किमीचं बर्ट विवर. त्याच्या पलीकडे बर्ट घळ आहे, सुमारे ५० किमीची, ती मिळाली तर हवा चांगली समजा. एकादशीला मेअर ह्यूमोरमच्या काठी हिपालस घळी, कमानीसारख्या वळलेल्या. बर्डी सरांनी सांगितलेला थाळी खचण्याचा प्रकार तिथे नकाशा काढल्यासारखा दिसतो. त्रयोदशीला श्रोटरची दरी.

सावलीचा हिशेबही हाताशी ठेवा: उंची भागिले सूर्याच्या उंचीचा टॅन. ३०० मीटरची सावली २ अंशाला साडेआठ किमी, ५ अंशाला ३.४, १० अंशाला १.७. सूर्य उताराच्या कोनापेक्षा वर गेला की सावली संपते, उरतो तो फिका करडा पट्टा.

सेमिनरी_हिल्स_२१
मोबाईलने फोटो निघेल का? आणि चांद्रयानाच्या चित्रांत हे भ्रंश दिसतात का?

बेसाल्ट_बर्डी
फोटो निघेल. डॉबला मोटर नसल्याने चंद्र सेकंदाला सुमारे १५ आर्कसेकंद सरकतो, म्हणून एक्स्पोजर १/१२५ किंवा त्याहून कमी. एकेक फोटो काढत बसू नका. अडॅप्टरवर फोन घट्ट बसवून व्हिडिओ घ्या, टर्मिनेटरवर फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या फ्रेम निवडून रचा. शार्पनिंग जास्त झालं की घळीच्या काठाला खोटी पांढरी किनार येते आणि साधी रेघ खचदरी वाटू लागते.

चांद्रयान-२ च्या ओएचआरसी कॅमेऱ्याचं पृथक्करण पाव मीटर आहे, त्यामुळे हो. पण त्या दर्जाच्या चित्रांचा खरा उपयोग लहान भ्रंशांना. चंद्र आकसल्याने झालेले दाबाचे छोटे भ्रंश जेमतेम दहा-वीस मीटर ते शंभरेक मीटर उंच असतात. अपोलो १७ च्या दरीतला ली-लिंकन भ्रंश सुमारे ८० मीटरचा, अंतराळवीर गाडी घेऊन त्यावर चढले. यांतले काही भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी तरुण आहेत. अपोलोच्या भूकंपमापकांनी १९७७ पर्यंत नोंदलेल्या २८ उथळ चंद्रकंपांपैकी काही याच भ्रंशांशी जोडले गेलेत. पृथ्वीवरून आपल्या साधनांत यातलं काही दिसत नाही.

मानेवाडा_डॉब
आणि आल्प्सच्या दरीतली मधली घळ? ६ इंचात?

घळ_शोधक
दरी दिसेल, १६० किमीच्या वर लांब आणि १० किमी रुंद, २५ मिमीतही. आतली घळ किलोमीटरभरही रुंद नाही. ८ इंचाला अवघड, ६ इंचाला फार तर तुकड्यांत. ती ४९ उत्तरेला असल्याने सूर्य तिथे हळू चढतो आणि योग्य प्रकाशाची खिडकी जास्त तास उघडी राहते, एवढी सवलत. अष्टमीच्या उत्तरार्धापासून नवमीपर्यंत, कोलाँजिट्यूड ३ ते १२ च्या दरम्यान प्रयत्न करा. आधी एखादा तारा फोकसबाहेर नेऊन कडी समकेंद्री आहेत का बघा. कोलिमेशन (आरशांची जुळणी) किंचित बिघडलेलं असलं तरी सरळ भिंत दिसते, ही घळ नाही दिसत.