शेवटचे ३० टक्के अडकलेत, आणि रोज फरशीचे फोटो येतायत

फरशीवाला

नमस्कार मंडळी. ११ वर्षं फरशी बसवतोय. आधी दुसऱ्याच्या हाताखाली होतो, गेली ४ वर्षं स्वतःची कामं घेतो. मी आणि एक मदतनीस. फरशी सरळ लावता येते, पैसे सरळ मागता येत नाहीत, असं आहे माझं.

एक हॉल आणि दोन बाथरूमचं काम होतं. ठरलं होतं असं: ३० टक्के आधी, बाथरूम पूर्ण झाली की ४०, आणि उरलेले ३० काम संपल्यावर. पहिले दोन हप्ते न मागता आले. पार्टी चांगली मिळाली म्हणून मी खुशीत. काम संपून आज ४७ दिवस झाले. पहिले पंधरा-वीस दिवस "या आठवड्यात करतो" चाललं. मग मी जरा जोर लावला, तर पैशांऐवजी फोटो यायला लागले. हॉलच्या फरशीच्या कडा वर आल्यात म्हणे. फोटो कसे, तर रात्री दिवे बंद करून, मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून काढलेले. तसा आडवा उजेड पाडला तर कोरा कागदसुद्धा डोंगराळ दिसेल.

आता खरं सांगतो, कडा पायाला थोड्या लागतात. पण का लागतात? फरशी ६० बाय १२० सेंटिमीटरची. एवढी लांब फरशी भट्टीतून येतानाच किंचित कमानदार असते, मध्ये उंच आणि टोकांना खाली. त्यामुळे पुढच्या ओळीचा सांधा शेजारच्या फरशीच्या एक तृतीयांश लांबीवर घ्यायचा असतो. खोक्यावरही लिहिलेलं होतं, ३३ टक्क्यांच्या पुढे सांधा सरकवू नका. यांना मात्र विटांसारखा अर्ध्यावरच सांधा पाहिजे होता. अर्ध्यावर घेतला की एकीचं उंच पोट दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशेजारी येतं. मी सांगितलं होतं. ऐकलं नाही, आणि मीही "बरं" म्हणून लावून मोकळा झालो.

दुसरी भानगड वाढीव कामाची. "एवढं करूनच टाका ना" म्हणत बाथरूमच्या भिंतीत साबण-शाम्पूचा एक कोनाडा आणि दोन उंबरे करून घेतले. कोनाड्याच्या चारही कडा ४५ अंशात कापून जुळवायच्या, त्यात अर्धा दिवस गेला. "याचे वेगळे होतील" हे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. आता हिशोबात लावले तर उत्तर आलं, "एवढ्याशा कोनाड्याचे कसले पैसे?"

मदतनिसाची हजेरी मी खिशातून दिली. तो म्हणतो, चला, उंबरे काढून आणू, तेवढे तरी आपले. मलाही एखाद्या रात्री तसंच वाटतं. काय करू?

नळवाले काका

उंबऱ्याला हात लावू नकोस बाबा. बसवलेली वस्तू त्यांच्या घराचा भाग झाली. आज तू पैसे मागणारा आहेस, छिन्नी घेऊन गेलास की तोडफोड करणारा होशील, आणि मग तुझ्या पैशांबद्दल कोणी बोलणारच नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने रागात बसवलेला नळ काढून आणला होता. नळ मिळाला, पैसे आणि अब्रू गेली.

मला एक कळलं नाही. तक्रार हॉलची आहे ना? मग बाथरूमचे पैसे कशासाठी अडकलेत? तू सगळं एकाच गाठोड्यात बांधून मागतोयस, म्हणून एका कडेसाठी अख्खं गाठोडं अडून बसलंय. हिशोब फोड. ज्या कामाबद्दल वाद नाही त्याची रक्कम वेगळी लिहून पाठव, आणि वादाच्या भागाला बघायला येण्याची तारीख दे.

बघायला जाशील तो दिवसाच्या उजेडात जा. दोन मीटरची सरळ पट्टी ने. त्यांच्यासोबत अख्खा हॉल फिर, जे जे खुपतंय ते एकाच कागदावर लिही, आणि शेवटी विचार, "अजून काही?" नाही म्हणाले की दोघांच्या सह्या. हे केलं नाहीस तर एक कड दुरुस्त केलीस की दुसऱ्या दिवशी दुसरीचा फोटो येईल. मी पाइप भिंतीत बुजवायच्या आधी पाणी दाबाने भरून ठेवतो आणि मालकाला दाबाचा काटा दाखवून सही घेतो, ते याचसाठी. भिंत बंद झाल्यावर सगळ्यांची आठवण बदलते.

आणि अर्ध्या सांध्याचं तू सांगितलंस ते कुठे लिहिलेलं आहे का? मेसेज, आवाज, काहीही? शोध.

रंगकामवाल्या ताई

दादा, काकांनी कागदाचं सांगितलं, मी बोलण्याचं सांगते. तुम्ही मेसेज कसा टाकता? "साहेब, जमलं तर जरा बघा ना." असाच असणार. मीही असंच लिहायचे. वर खोटं कारण जोडायचे, दुकानदार मागे लागलाय, उधारी आहे. मग ते म्हणायचे, "त्याला सांगा दोन दिवस थांबायला." म्हणजे माझ्या पैशांची चर्चा दुकानदाराच्या सोयीवर गेली! काम झालंय एवढं एकच कारण पुरतं. आता लिहिते: "काम अमुक तारखेला पूर्ण झालं. बाकी इतकी आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवा." बस. जमलं तर नाही, जरा नाही, ना नाही. पहिल्यांदा पाठवताना हात थरथरला होता, खोटं कशाला सांगू.

अजून एक, ३० टक्के शेवटी ठेवणं फार झालं. तुमचा मदतनीस, तुमची मजुरी, सगळं त्यातच असतं, म्हणजे शेवटचे कितीतरी दिवस तुम्ही त्यांना उसने देऊन काम करत होतात. मी शेवटी १० टक्क्यांच्या वर ठेवत नाही. पुट्टी, प्रायमर, पहिला हात, प्रत्येकाला पैसे. एखादा हप्ता चुकला की त्या दिवशी ब्रश धुऊन ठेवते. भांडत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी जात नाही.

पैसे थांबवणारा

मी तुमच्यातला नाही, समोरच्या बाजूचा आहे. एकदा सुताराचा शेवटचा हप्ता मी दोन महिने ठेवला होता. पैसे होते, बुडवायचेही नव्हते. कपाटाचं एक दार घासत होतं आणि मला खात्री होती की पैसे हातात पडले की हा माणूस परत दिसणार नाही. आधी एकाने तसं केलं होतं, त्याचा राग या बिचाऱ्यावर निघाला. त्याने वैतागून फोन उचलणं बंद केलं, तेव्हा मला वाटलं, बघा, म्हणालो नव्हतो? शेवटी तो एका सकाळी न सांगता आला, दहा मिनिटांत बिजागरी फिरवली, आणि मी त्याच्यासमोरच पैसे पाठवले.

सगळे माझ्यासारखे नसतात, काही खरंच बुडवे असतात. पण पहिले दोन हप्ते न मागता देणारा माणूस बुडवा वाटत नाही. घाबरलेला वाटतो.

टॉर्चचं मात्र कबूल. मीही लावला होता.

फरशीवाला

९ दिवसांनी लिहितोय. काकांच्या सांगण्यावरून जुने मेसेज चाळले, तर त्यांच्याच आवाजातला निरोप सापडला: "नाही नाही, अर्ध्यालाच घ्या, फोटोत तसंच आहे." ऐकून आधी तर उड्याच मारल्या. पण त्यांना तो पाठवला नाही. आधी ताईंच्या पद्धतीचा मेसेज टाकला, बाथरूमची बाकी वेगळी काढून, जमलं तर वगळून. त्याच रात्री ती रक्कम आली! ४७ दिवस मी काय मागत होतो देव जाणे.

रविवारी सकाळी पट्टी घेऊन गेलो. तीन फरश्यांवर खुणा केल्या. दोन ठिकाणी कमानीचाच प्रकार होता, तिथे मी निरोप ऐकवला, शांतपणे. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हो, मीच म्हणालो होतो." तिसरी फरशी वाजवली तर कोपऱ्यात पोकळ. ती माझी चूक. कोपऱ्याखाली माल नीट पसरला नव्हता. त्याच बॅचच्या चार फरश्या उरलेल्या होत्या हे नशीब, नाहीतर रंगात फरक पडला असता. तिथल्या तिथे काढून नवी लावली, दुसऱ्या दिवशी सांधे भरले, कागदावर सह्या झाल्या. मंगळवारी उरलेले पैसे आले.

कोनाड्याचे नाही आले. मागितलेच नाहीत. ओठांपर्यंत आले होते, पण ठरवताना बोललो नव्हतो ते आता कोणत्या तोंडाने बोलू? मदतनीस अजून चिडलेला आहे त्यावर.

काल नवं काम सुरू केलं. दुपारी तिथल्या बाई म्हणाल्या, इथे एक छोटा कट्टा करूनच टाका ना. मी खोक्याचा पुठ्ठा फाडला, पेन्सिलीने आकडा लिहिला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बघितला, म्हणाल्या, "मग राहू द्या."

साडेपाचला घरी होतो.