प्रेमापोटी परत आलेल्या माणसाला म्हणायचं काय? भूत, आत्मा, जखीण, विरह वगैरे

मदत हवीये. एक गोष्ट लिहितेय, बाईचा नवरा वारलाय आणि तो घरात येतो, घाबरवायला वगैरे नाही, नुसता येऊन डायनिंग टेबलापाशी बसतो, आणि इकडे तिला ऑफिसातला एकजण आवडायला लागलाय त्यामुळे सगळा घोळ. इंग्रजीवाले पॅरानॉर्मल रोमान्स म्हणून मोकळे होतात, मी मराठीत अडकलेय. भूत लिहिलं की पोरांची गोष्ट वाटते, आत्मा लिहिलं की हिंदी सिरियल, पिशाच्च तर शिवीच. मृतात्मा फक्त शांती लाभण्यापुरता पेपरात येतो. झपाटणे, पछाडणे हे विनोदी सिनेमांनी कायमचे पळवलेत. तर प्रश्न दोन, या प्रकाराला नाव काय आणि त्या माणसाला काय म्हणू?

———

गूढ प्रेमकथा म्हणा की, गूढकथा हा शब्द रुळलेलाच आहे. आणि भूत म्हणजे मुळात 'होऊन गेलेलं', म्हणूनच तर भूतकाळ, तेव्हा तो शब्द एवढा वाईट नाहीये.

———

> म्हणूनच तर भूतकाळ

भुतांवर चर्चा निघाली की हे कोणीतरी लिहितंच :)

आपल्याकडच्या भुतांची नावं बघा, बरीचशी मरताना काय अर्धं राहिलं त्यावरून पडलीत. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्नाआधी गेला. हडळ बाळंतपणात गेलेली. आमच्या कोकणात जखीण म्हणजे सवाष्ण गेलेली, जीव संसारात राहिलेला, नवऱ्याने दुसरी केली की त्या दुसरीला छळणार. (शब्द यक्षिणीवरून आलाय, यक्षिणीची काय दशा केली आपण!) म्हणून काही घरांत दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक (धातूवर उठवलेली छोटी प्रतिमा) घालायचे, म्हणजे सवत देव करून गळ्यातच बांधायची. पण यातला एकही शब्द नुसता प्रेमासाठी आलेल्या पुरुषाला बसत नाही. ताई, तुमच्या गोष्टीत नवऱ्याऐवजी बायको गेलेली असती तर अख्खी भाषा तयार होती, 'अहेवपणी गेली' म्हणतात तेसुद्धा. अहेव म्हणजे अविधवा, त्याचंच झिजलेलं रूप. पितृपक्षात अविधवा नवमी असते ती अशा बायकांची, आणि बऱ्याच घरांत ती नवरा हयात असेपर्यंतच करतात.

———

पहिल्या प्रश्नाचं उत्तर साहित्यशास्त्रात आहे आणि ते भारी आहे. जुन्या लोकांनी प्रेमातली ताटातूट आणि मरण यांत फरक केलाय. भेटीची आशा आहे तोवर तो विप्रलंभ शृंगार, स्थायीभाव (म्हणजे रसाच्या मुळाशी असलेली भावना) रती, म्हणजे प्रेम. माणूस गेला, आशा संपली की करुण रस, स्थायीभाव शोक. आपण विरह आणि शोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण आशा असते ती विरहात. आता एकजण मेलाय आणि तरी भेट होणार आहे अशी गोष्ट आली तर काय? तर विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात (14वं शतक) त्यासाठी वेगळा कप्पा आहे, करुणविप्रलंभ. आणि उदाहरण कुठलं, तर बाणभट्टाच्या 'कादंबरी' नावाच्या संस्कृत ग्रंथातली महाश्वेता आणि पुंडरीक. पुंडरीक तिच्यासाठी झुरून मरतो, ती चितेवर जायला निघते, तेवढ्यात चंद्रमंडळातून एक दिव्य पुरुष येऊन त्याचं शरीर उचलून नेतो आणि सांगतो की भेट होणारे, जीव देऊ नकोस. ती अच्छोद सरोवराकाठी तप करत थांबते. तो मधल्या काळात दुसरा जन्म घेतो, पुढे पोपटसुद्धा होतो, पूर्ण सांगत बसत नाही.

म्हणजे आपण नॉव्हेलला ज्या पुस्तकावरून कादंबरी म्हणतो ते सातव्या शतकातलं पुस्तकच या प्रकारातलं आहे. बाण ते अर्धं सोडून वारला, पुढचं त्याच्या मुलाने पूर्ण केलं.

———

हे माहीत नव्हतं, मस्त! पण कव्हरवर करुणविप्रलंभ छापलं तर लोक गाइड समजून उचलतील. आत गोष्टीत बोलीतलंच काहीतरी पाहिजे. मला 'जीव' बरा वाटतो. जीव लावला, जीव जडला, जीव अडकला, जीव घुटमळतोय. यातले शेवटचे दोन जिवंत माणसाच्या प्रेमाला चालतात आणि गेलेल्यालाही. दहाव्याला कावळा शिवत नाही तेव्हा म्हणतातच ना, कशात तरी जीव अडकलाय, मग कोणीतरी पुढे होऊन सांगतं की पोरांचं मी बघेन, घराचं मी बघेन.

आणि त्या माणसाला 'हे'च म्हणू दे तिला. आमची आजी आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी 'हे असताना' असंच म्हणायची, ते नाही, हे. 'ते' लांबच्याला, 'हे' समोरच्याला.

———

'हे' वाचून काटा आला. पण पंचाईत अशी की माझी नायिका चौतिशीतली आहे, ती नवऱ्याला सरळ नावाने अरे-तुरे करायची. तिच्या तोंडी 'हे' नाटकी होईल. सासूच्या तोंडी 'त्याचा जीव घुटमळतोय गं' मात्र फिट बसतंय, तिला तो दिसत नाही पण कळतं, असं काहीतरी करते.

———

मग त्याला काही म्हणूच नका. नुसतं नाव लिहा, जिवंतपणी होतं तेच. भूत म्हणायचं काम त्या ऑफिसवाल्यावर सोपवा, त्याच्यासाठी तर ते भूतच आहे.

बाकी ती त्याच्याशी लग्न करणार का? करणार असेल तर पुनर्विवाह नका लिहू, तो विवाहमंडळाच्या फॉर्मवरचा शब्द. 'पाट लावला' (विधवेच्या दुसऱ्या लग्नाला जुना शब्द) लिहिलं तर काळ आणि समाज दोन्ही बदलतात. साधं दुसरं लग्न लिहा.

———

करणारे. पण सासूला सांगायचा सीन अजून जमत नाहीये.