अमेरिकेतल्या सॉरॉरिटीत (कॉलेजच्या मुलींच्या संघटनेत) कॉलेजनंतर जाता येतं का?

प्रश्न (इंदूर): धाकटी बहीण अटलांटाला असते, डिग्री तिकडचीच, ऑफिसातली मैत्रीण लाल-क्रीम जॅकेट घालून शनिवारी मुलींना शिकवायला जाते, डेल्टा सिग्मा थीटा नावाची सॉरॉरिटी म्हणे, तर बहिणीला आता जाता येईल का? आणि भाची 12 वर्षांची आहे, तिच्यासाठी काही?

उत्तर: येतं की ताई, डिग्रीवाल्या बायकांचे वेगळे चॅप्टर म्हणजे शाखा असतात. ही डेल्टा 1913 मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीतल्या 22 कृष्णवर्णीय मुलींनी सुरू केली आणि दोनच महिन्यांत बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी तिथल्याच मोर्च्यात चालल्या, मला तर वाचून भरून आलं. भाचीला त्यांचा डेल्टा अकॅडमी कार्यक्रम आहे, 11 ते 14 वर्षांच्या मुलींचा, पुढे मोठ्या मुलींसाठी डेल्टा जेम्स.

उत्तर: आपल्या महिला मंडळासारखं वर्गणी भरली की झालं असं नाही हं, हे आयुष्यभराचं असतं, आधी त्यांच्या कामाला हातभार लावू दे.

प्रश्नकर्ती: आजच फोन करते तिला, खूप आभार!