शब्दचर्चा: देवाचे प्रेम, प्रीती, माया, मोग – लहान मुलांशी बोलताना कोणता शब्द?

अबोली:
गोव्यात चार ते सात वर्षांच्या ख्रिस्ती मुलांचा रविवारचा वर्ग आहे. घरी कोकणी, शाळेत मराठी. काहींचे आईवडील सिंधुदुर्गातून, बेळगावाकडून आलेले. पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) प्रचलित मराठी भाषांतरात ‘देव प्रीती आहे’ (१ योहान ४:८) असे आहे. पण या वयाच्या मुलांना ‘प्रीती’ हे एखाद्या मुलीचे नाव म्हणूनच ठाऊक असते. प्रेम, माया, कृपा, दया यांपैकी कोणता शब्द कुठे वापरावा?

पोफळी:
बोलण्यात ‘माया’, वचनात ‘प्रीती’. ‘आई लेकरावर माया करते’ हे चार वर्षांच्या मुलालाही कळते, म्हणून ‘देव आपल्यावर माया करतो’ हेही लगेच कळते. वेदान्तातली माया किंवा ‘बरीच माया जमवली’ मधली माया मोठ्यांच्या डोक्यात येते, मुलांच्या नाही. पाठ करायचे वचन मात्र छापले आहे तसेच शिकवा. पुढे मोठ्यांच्या उपासनेत तेच शब्द कानावर पडणार आहेत.

‘दया’ इतक्या लवकर नको. दया ज्याच्यावर करायची तो बिचारा असतो, आणि मूल स्वतःला बिचारे समजू लागते. ‘कृपा’ प्रार्थनेत राहू द्या, समजावून सांगायला घेऊ नका.

जुवारी:
गोव्यातली एक अडचण आधीच सांगून ठेवतो. कोकणीत प्रेमाला मोग म्हणतात. ‘देव म्हजो मोग करता’, म्हणजे ज्याच्यावर मोग करायचा त्याला षष्ठी लागते. मुले तीच रचना मराठीत आणतात आणि ‘देव माझा प्रेम करतो’ म्हणतात. मोग पुल्लिंगी असल्यामुळे ‘देवाचा प्रेम’ही ऐकू येते. चूक दाखवत बसू नये. त्याच वाक्याला जोडून आपण ‘हो, देव तुझ्यावर प्रेम करतो’ असे म्हणावे. दोनचार रविवारांत ‘वर’ आपोआप बसतो. आणि घरात मोग हाच शब्द असेल तर पहिल्या दिवशी ‘मोग म्हणजेच प्रेम’ असे सरळ सांगून टाकावे.

दोन भाषांची ही सरमिसळ इथे जुनीच आहे. जेझुइट मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण हे काव्य १६१६ साली गोव्यातल्या राचोलला छापले गेले ते मराठी ओवीत. त्यांचेच प्रश्नोत्तरांच्या धाटणीचे दोतोर्नाचे (ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे) पुस्तक मात्र कोकणीत, आणि तेही राचोललाच, १६२२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

सांजवेळ:
नामापेक्षा क्रियापद सांभाळा, खरी गडबड तिथे होते. ‘देवाचं तुझ्यावर लक्ष आहे’ आणि ‘देवाचं तुझ्याकडे लक्ष आहे’ ही दोन वाक्ये घ्या. पहिल्यात पहारा आहे, दुसऱ्यात काळजी. मुलांसमोर नेहमी ‘कडे’ म्हणा. ‘देव बघतोय हं!’ हे दटावणीचे वाक्य वर्गात एकदा आले की त्यानंतर प्रेमाबद्दल काहीही सांगा, मूल दचकूनच ऐकते.

दुसरा अडसर ‘तर’चा. ‘शहाण्यासारखं वागलास तर देव प्रेम करील’ हे वाक्य शिस्तीच्या सोयीचे आहे, पण ख्रिस्ती शिकवणीच्या उलट आहे. १ योहान ४:१९ मधला क्रम पक्का धरा: पहिल्याने त्याने प्रीती केली, म्हणून आपण करतो. ‘तर’ काढा, ‘म्हणून’ आणा.

अबोली:
हे फार उपयोगाचे आहे. योहान ३:१६ चे काय? देवाने एकुलता एक पुत्र ‘दिला’ म्हटले की ‘कोणाला देऊन टाकला?’ असा प्रश्न येतो, आणि मुले घाबरतात.

पोफळी:
समजावताना ‘पाठवला’ म्हणा. १ योहान ४:९ मध्ये पाठवण्याचीच भाषा आहे, त्यामुळे अर्थ पातळ होत नाही. ‘दिला’ वचन पाठ करताना येऊ द्या. त्याचा खुलासा सातआठ वर्षांच्या मुलांना क्रूसाची गोष्ट सांगताना करावा.

सांजवेळ:
गोष्टींसाठी लूकचा १५ वा अध्याय घ्या, पण तिन्ही गोष्टी एका दिवशी नकोत. तिथे तीन वेगळी क्रियापदे वापरायची आहेत: नाणे हरवते, मेंढरू भरकटते, मुलगा घर सोडून जातो. सगळीकडे ‘हरवले’ म्हटले तर तिसऱ्या गोष्टीचा जीवच जातो.

चार-पाच वर्षांच्या मुलांना आधी नाण्याची गोष्ट सांगा. शंभर मेंढरांचा आकडा त्यांच्या आवाक्यात नसतो, दहा नाणी मोजता येतात. एक रुपयाची दहा नाणी घ्या. नऊ ताटलीत, एक चटईखाली. बाईने दिवा लावला, घर झाडले, नाणे सापडेपर्यंत शोधले, हे तिन्ही करून दाखवा. इथे बहुतेक वर्ग चुकतात: नाणे शोधायला मुलांना पाठवतात आणि सापडेल त्याला गोळी देतात. मग ती शर्यत होते. नाणे स्वतः काहीच करत नाही, शोधणारा देव आहे, हाच तर गोष्टीचा गाभा. म्हणून झाडू शिकवणाऱ्याच्याच हातात हवा. मुलांनी आनंद करायच्या वेळी टाळ्या वाजवाव्यात, कारण त्या बाईनेही शेजारणींना बोलावले होते.

मेंढरू पुढच्या रविवारी. गोव्यात मेंढ्या फारशा दिसत नाहीत, तेव्हा चित्र दाखवा. शेळी करून टाकू नका, पुढे ‘मेंढपाळ’ आणि ‘कोकरू’ लागतात.

जुवारी:
उधळ्या पुत्राच्या गोष्टीत क्रम चुकवू नका. मुलगा दूर असतानाच बाप त्याला पाहतो, धावतो, मिठी मारतो. मुलाचे ‘मी पाप केले’ त्यानंतर येते (लूक १५:२०-२१). बरेच जण घाईत माफी आधी सांगतात आणि मग पुन्हा तोच ‘तर’ मागच्या दाराने आत येतो.

अबोली:
शेवटची शंका. ‘आमचा देव’ की ‘आपला देव’?

पोफळी:
मुलांशी देवाबद्दल बोलताना ‘आपला’. कोकणीत ‘आमचो’ दोन्हीकडे चालते, म्हणून कोकणी बोलणाऱ्यांच्या तोंडी मराठीतही ‘आमचा’ येते. पण मराठीत ‘आमचा’ म्हटले की ऐकणारे मूल त्यातून बाहेर राहते. देवाशी बोलताना मात्र ‘आमच्या’च बरोबर: ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. तिथे ऐकणारा देव आहे आणि ‘आम्ही’ म्हणजे प्रार्थना करणारे सगळे, मुलांसकट.